पाना कुणाच्या हातात? मसल कार, डेट्रॉईट आणि श्रमप्रतिष्ठेचं प्रवचन

मोबाईलवर एका प्रकारचे व्हिडिओ सध्या खूप फिरतात. अमेरिकेतला कुणी शिक्षक, कुणी अकाउंटंट घरालगतच्या गॅरेजमध्ये 1968 ची डॉज चार्जर खोलून बसलेला असतो. गंजलेला पत्रा कापतो, इंजिन उतरवतो आणि दोन-तीन वर्षांचे शनिवार-रविवार घालून गाडी पुन्हा रस्त्यावर आणतो. व्हिडिओ चांगले असतात. पण ते पुढे पाठवताना आपल्याकडची मंडळी जे प्रवचन जोडतात ते ठरलेलं असतं: "बघा, याला म्हणतात श्रमप्रतिष्ठा! नाहीतर आपली पोरं. यांना आरक्षण पाहिजे, सरकारी नोकरी पाहिजे, हातात पाना घ्यायला नको."

"आपली पोरं" म्हणजे कुणाची, हे मी सांगायला नको. म्हणून या प्रवचनाला उत्तर दिलं पाहिजे, आणि ते त्या गाडीतूनच दिलं पाहिजे.

आधी त्या कामाचं मोल मान्य करू. 1964 साली पाँटिअॅक कंपनीने 'टेम्पेस्ट' या मध्यम आकाराच्या गाडीत 389 घन इंचांचं मोठं इंजिन बसवून 'जीटीओ' बाजारात आणली. मसल कारचा जमाना तिथून सुरू झाला असं साधारणपणे मानतात. 1968 च्या चार्जर आर/टीमध्ये 440 घन इंचांचं, म्हणजे 7.2 लिटरचं इंजिन होतं. कंपनीच्या आकड्यानुसार 375 अश्वशक्तीचं. असं इंजिन घरी पुन्हा बांधणं म्हणजे नुसतं नट-बोल्ट आवळणं नव्हे. सिलिंडर झिजले असतील तर ब्लॉक मशीन शॉपमध्ये नेऊन बोअर वाढवावा लागतो आणि त्या मापाचे पिस्टन घ्यावे लागतात. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट इंचाच्या दोन-तीन हजारांशांत मोजतात. त्यासाठी प्लॅस्टिकचा बारीक धागा मध्ये ठेवून कॅप टॉर्क रेंचने आवळायची, पुन्हा खोलायची आणि धागा किती चपटा झाला ते पट्टीवर पाहायचं. फट कमी राहिली तर बेअरिंग जळतं, जास्त झाली तर ऑईलचा दाब पडतो. इथे हात आणि डोकं एकाच माणसाचं लागतं. हात एका जातीचे आणि डोकं दुसऱ्या जातीचं, ही वाटणी ज्या समाजाने धर्म म्हणून पाळली, त्याने या कामाची टिंगल करू नये आणि त्यावर प्रवचनही देऊ नये.

आता त्याच छंदाची दुसरी बाजू पाहा. त्यात एक शब्द फार मानाचा आहे: 'मॅचिंग नंबर्स'. गाडीचा क्रमांक आणि इंजिन ब्लॉकवर, गिअरबॉक्सवर कोरलेला क्रमांक जुळला की गाडी खानदानी. त्याच वर्षाचं, त्याच मापाचं, पण दुसऱ्या चार्जरमधून काढलेलं इंजिन असेल तर भाव उतरतो. धाव तीच, आवाज तोच, फक्त जन्माचा दाखला नाही. साध्या चार्जरला आर/टीचं रूप दिलं तर ती 'क्लोन' ठरते आणि जाणकार नाक मुरडतात. मग खोटे क्रमांक कोरून देणारेही निघतात. जिथे किंमत जन्मावर ठरते तिथे बनावट वंशावळी तयार होतातच. हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

काटेकोर मंडळी याच्याही पुढे जातात. कारखान्यात तपासणी करताना सुट्या भागांवर मारलेले रंगाचे ठिपके, ग्रीस पेन्सिलच्या रेघोट्या जुने फोटो पाहून जशाच्या तशा पुन्हा काढतात. घाईत इकडेतिकडे उडालेला रंगाचा फवारासुद्धा तसाच मारतात. खूण इतकी पवित्र! पण ती खूण करणारा हात कुणाचा होता? त्याला घाई कशाची होती?

1968 च्या चार्जरच्या क्रमांकातलं सातवं अक्षर 'बी' असेल तर ती गाडी डेट्रॉईटला लागून असलेल्या हॅमट्रॅमिक गावातल्या 'डॉज मेन' कारखान्यात तयार झालेली असते. आदल्याच वर्षी, जुलै 1967 मध्ये डेट्रॉईट पेटलं होतं आणि 43 माणसं मेली होती. डॉज मेनमध्ये कृष्णवर्णीय कामगारांच्या वाट्याला सर्वांत जड, घाण आणि धोक्याची कामं यायची. फोरमन आणि कुशल कारागिरांच्या जागा जवळजवळ सगळ्या गोऱ्यांकडे. 2 मे 1968 रोजी लाईनचा वेग वाढवण्याविरुद्ध काळे-गोरे कामगार संपावर गेले. शिक्षा मात्र काळ्यांना जास्त झाली. जनरल बेकर या कृष्णवर्णीय कामगाराला कामावरून काढलं. त्यातून 'डॉज रेव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट', म्हणजे 'ड्रम' ही संघटना उभी राहिली. तिला कंपनीशी लढावं लागलं आणि युनियनच्या गोऱ्या नेतृत्वाशीही. ती युनियन 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चाला पाठिंबा देणारी होती. कारखान्यातला वर्णभेद मात्र तिला मोडता आला नाही. मोर्चात सोबत आणि कामाच्या जागी खालची पायरी, असे पुरोगामी आपल्यालाही ठाऊक आहेत.

क्रायस्लरचे गिअर आणि अॅक्सल बनवणाऱ्या एल्डन अॅव्हेन्यू कारखान्यात मे 1970 मध्ये व्हिएतनाम युद्धातून परतलेला एक तरुण कृष्णवर्णीय कामगार नादुरुस्त फोर्कलिफ्ट उलटून मेला. युद्धातून वाचला, मसल कारच्या कारखान्याने मारला. हे त्या व्हिडिओत येत नाही.

आणि ते घरालगतचं गॅरेज? गॅरेजला आधी घर लागतं, घराला कर्ज लागतं. डेट्रॉईटच्या एट माईल रस्त्याजवळ 1941 साली सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधली गेली. एका बाजूला काळ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांसाठी होणारी नवी घरं. मध्ये भिंत घातली तेव्हा कुठे त्या घरांना सरकारी हमीची कर्जं मिळाली. ती भिंत आजही उभी आहे. गावकुसाबाहेर म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला ही भिंत समजावून सांगावी लागत नाही.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक म्हणून क्वचितच दिसतो, हे त्यांनी मांडलं. म्हणजे पाना आम्ही नाकारला नाही. पाना आम्हाला नाकारला गेला. ज्यांनी तो दिला नाही, त्यांचे वारस आज आम्हाला पाना घ्यायचा उपदेश करतात!

त्या अमेरिकन शिक्षकाचे हात शनिवारी काळे होतात, सोमवारी स्वच्छ असतात. त्या ग्रीसमुळे त्याला कुणी भाड्याने घर नाकारत नाही, त्याच्या मुलीचं लग्न अडत नाही. पाना उचलायची आणि खाली ठेवायची अशी दोन्ही मोकळीक त्याला आहे. या दोन मोकळिकी जिथे असतात तिथेच श्रमाला प्रतिष्ठा मिळते. जातीने पहिली एकाला नाकारली, दुसरी दुसऱ्याला. बाबासाहेबांनी 1936 मध्येच सांगून ठेवलंय की जात ही कामांची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे.

पण मित्रांनो, आपल्यातही एक रोग शिरतोय. पदवी घेतलेला कार्यकर्ता गॅरेजमधल्या आपल्याच भावाशी बोलताना आवाज बदलतो. वस्तीत काम करताना हे मी पाहतो. आयटीआय म्हणजे नापासांची जागा, हे मत आपणही उचललंय. प्रवचनकारांना उत्तर देताना हा रोग आधी काढावा लागेल. आपल्या पोरांनी बेअरिंगची फट मोजायला शिकावं आणि समाजशास्त्रही वाचावं. वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून जावं, पण मालक म्हणून बाहेर पडता यावं, यासाठी जागा, कर्ज आणि यंत्रं मागावीत. हा हक्क आरक्षणाच्या जागी नाही, आरक्षणाच्या जोडीला हवा.

त्या छंदातही बंडखोर आहेत. ते जुन्या चार्जरचा साचा ठेवतात, पण आतलं बदलतात: चारी चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवतात, कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन घालतात, तीन टोकांचा सीटबेल्ट लावतात. शुद्धतावादी चिडतात, गाडी 'बाटली' म्हणतात. पण 375 अश्वशक्तीची गाडी वेळेवर थांबत नसेल तर तिच्या शुद्धतेची पूजा करून काय उपयोग? माणसाला मारणारा भाग जुना आहे म्हणून जपायचा नसतो. तो काढून टाकायचा असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तो व्हिडिओ तुमच्यापुढे नाचवला तर चिडू नका. विचारा: गाडी कुणी बनवली? गॅरेजची जमीन कुणाला मिळाली? आणि तुमच्या घरात हातात पाना घेतलेली शेवटची पिढी कोणती?

जय भीम!