सुधारणा झाली, पण कोणाच्या तुलनेत?

गुणवत्ता-उपक्रमांचे जे अहवाल आमच्याकडे छपाईसाठी येतात, त्यांचा साचा आता पाठ झाला आहे. उपक्रमाआधीचे टक्के, मग प्रशिक्षण, मग वाढलेले टक्के, आणि शेवटी शाल-श्रीफळाचा फोटो. यातले आकडे खोटे नसतात. पण त्यांवरून जे श्रेय घेतले जाते, ते बहुतेक वेळा सिद्ध झालेले नसते.

ब्रिटनमध्ये २००४ साली चार रुग्णालयांत ‘सेफर पेशंट्स इनिशिएटिव्ह’ हा रुग्णसुरक्षेचा कार्यक्रम सुरू झाला. वॉर्डातल्या रुग्णांचा श्वसनदर नोंदवण्याचे प्रमाण तिथे ३७ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेले. एवढेच हाती असते तर आपण पेढे वाटले असते. पण मूल्यमापन करणाऱ्यांनी कार्यक्रमात नसलेली १८ रुग्णालयेही तपासली होती, आणि तिथेही हे प्रमाण ४० वरून ६९ टक्क्यांवर पोचले होते. रुग्णसुरक्षेचे वारे तेव्हा देशभर वाहत होते. वाढीतला मोठा भाग त्याचा होता. कार्यक्रमाच्या पदरात पडला तो उरलेला थोडा. याच मूल्यमापनातली दुसरी गोष्ट आपल्या अधीक्षकांनी आणि मेट्रननी जरूर वाचावी: वरिष्ठ मंडळींना कार्यक्रमाची खडान्‌खडा माहिती होती, उत्साहही होता, पण वॉर्डात तो फारसा झिरपलाच नव्हता. नेतृत्वाचे मोजमाप सभागृहात करायचे की रात्रपाळीच्या टेबलाशी, हे यावरून ठरवावे.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट प्रथम कर्नाटकातल्या एका रुग्णालयात वापरून पाहिली गेली. २९ आवश्यक कृतींपैकी आधी सरासरी १० होत होत्या, नंतर २५ होऊ लागल्या. इथेच थांबले असते तर ती यशोगाथा ठरली असती. पण पुढे उत्तर प्रदेशात ‘बेटरबर्थ’ हा मोठा प्रयोग झाला. १२० आरोग्य केंद्रे, त्यांपैकी निम्म्यांत चेकलिस्ट आणि आठ महिने प्रत्यक्ष लेबर रूममध्ये येऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षक परिचारिका. उरलेल्या निम्म्यांत नेहमीचेच काम. दीड लाखाहून अधिक बाळंतिणींची आणि बाळांची सातव्या दिवसापर्यंतची खबर घेतली गेली.

दोन महिन्यांनी चेकलिस्टच्या केंद्रांत ७२.८ टक्के कृती होत होत्या, तुलनेच्या केंद्रांत ४१.७ टक्के. प्रशिक्षक परतल्यावर, बाराव्या महिन्यात, पहिला आकडा ६१.७ वर घसरला. आणि माता-बालमृत्यू व मातेची गंभीर गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण? एका गटात १५.१ टक्के, दुसऱ्यात १५.३. म्हणजे फरक नाहीच.

या निकालावरून चेकलिस्ट टाकाऊ ठरत नाही. कृती सुधारल्या, हे खरेच आहे. पण अडलेल्या बाईला सिझेरियन लागते, रक्त लागते, वेळेवर गाडी लागते. सिस्टरने कागदावर खूण केली म्हणून रक्तपेढी जवळ येत नाही. ही साखळी नेमकी कुठे तुटते, हा प्रश्न समोर आला तो तुलनेचा गट होता म्हणून आणि बाळ जगले का हे विचारले म्हणून.

हा निकाल डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने लेबर रूमची गुणवत्ता तपासून प्रमाणपत्र देणारा ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातल्या अनेक लेबर रूम त्यामुळे बदलल्या. टेबलांमध्ये पडदे आले, हात धुण्याची सोय झाली. ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ७० टक्के गुण मिळवून प्रमाणपत्र घेणे एक आणि बाळंतीण सुखरूप घरी जाणे दुसरे. ज्यांनी पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचे आलेख, जवळून पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. प्रसूती उरकल्यावर एका बैठकीत, एकाच पेनाने, सारख्या अंतरावर टाकलेले ठिपके तपासणीत पूर्ण गुण मिळवतात.

उलटही घडते. रुग्ण पडल्याच्या, चुकीचे औषध दिल्याच्या नोंदी एखाद्या रुग्णालयात अचानक वाढल्या की व्यवस्थापन धास्तावते. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की सिस्टर आता मेमोला न घाबरता लिहू लागल्या आहेत. ‘शून्य घटना’ लिहिणाऱ्या विभागप्रमुखाचा सत्कार करण्याआधी त्याचे रजिस्टर उघडून बघावे.

तेव्हा पुढील अंकापासून उपक्रमाचा अहवाल पाठवताना तुलनेसाठी घेतलेला वॉर्ड किंवा रुग्णालय कोणते, हे लिहावे. ते शक्य नसेल तर निदान आधीच्या वर्षभराचे महिनावार आकडे द्यावेत, म्हणजे सुधारणा आधीपासूनच चालू होती का ते दिसेल. प्रशिक्षक गेल्यानंतर सहा महिन्यांनी काय उरले, हेही हवे. आणि ज्यांचा उपक्रम फसला, त्यांचा अहवाल आम्ही पहिल्या पानांत छापू. तो आजवर एकाही रुग्णालयाने पाठवलेला नाही.