काढायची किती, सोडायची किती?

एकाच्या जागी दोन दिसू लागले, की माणूस आधी चष्म्याचे दुकान गाठतो. नंबर बदलून फरक पडत नाही, मग नेत्रतज्ज्ञ आणि कधी तरी एमआरआय. तोवर काही महिने सहज निघून गेलेले असतात. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारा सहावा मज्जातंतू कवटीच्या तळाच्या हाडाला लागून पुढे डोळ्याकडे जातो. त्या हाडात काही वाढले, तर पहिला दाब बहुधा त्याच्यावरच येतो. अशा वाढीचा एक फार दुर्मीळ प्रकार म्हणजे कूर्चेचा कर्करोग, कॉन्ड्रोसार्कोमा. कवटीच्या आतील सर्व गाठींत त्याचे प्रमाण सुमारे ०.१५ टक्के.

कवटीत कूर्चा आली कुठून? डोक्याचे छत पातळ पडद्यापासून थेट हाड बनते. तळ मात्र गर्भात आधी कूर्चेचा असतो आणि नंतर त्याचे हाड होते. कानामागचे दगडासारखे कठीण हाड आणि कवटीचे मागचे हाड जिथे जुळतात, त्या फटीत ही जुनी कूर्चा उरते. गाठ तिथूनच उगवते, म्हणून ती मध्यरेषेच्या जरा बाजूला असते. तिची जुळी वाटावी अशी दुसरी गाठ म्हणजे कॉर्डोमा. ती मात्र बहुधा मध्यभागी असते, आणि स्वभावाने बरीच हट्टी.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. बोस्टनमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये कवटीच्या तळाच्या २०० कॉन्ड्रोसार्कोमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या गाठीला सुरुवातीला कॉर्डोमा ठरवले गेले होते. शस्त्रक्रिया आणि प्रोटॉन किरणोपचार मिळालेल्या या रुग्णांमध्ये दहा वर्षांनंतरही गाठ आटोक्यात राहण्याचे प्रमाण ९८ टक्के होते. कॉर्डोमाच्या रुग्णाला असा आकडा सांगता येत नाही. आज ब्रॅक्युरी नावाच्या प्रथिनाची चाचणी दोघींना वेगळे करते: कॉर्डोमात ते सापडते, कॉन्ड्रोसार्कोमात नाही.

आता शल्यविशारदाची अडचण पाहा. गाठ मऊ असते, शोषून काढता येते. पण तिच्या एका अंगाला मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी, मागे मेंदूचा देठ, आजूबाजूला डोळे हलवणारे, ऐकण्याचे, गिळण्याचे मज्जातंतू. पूर्वी कवटी बाजूने उघडून, मेंदू थोडा सरकवून तिथवर जावे लागे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नाकातून दुर्बीण घालून जाण्याचा मार्ग रुळला. तिथे मेंदूचा शल्यविशारद आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ, अशी चार हातांची शस्त्रक्रिया चालते. या मार्गाची मोठी भीती होती मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळण्याची आणि त्यातून मेंदूज्वराची. नाकाच्या पडद्याचे अस्तर, त्याच्या रक्तवाहिनीसकट, फिरवून भोक झाकण्याची युक्ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ही भीती बरीच कमी झाली. तरी गाठ धमनीच्या बाहेरच्या बाजूला फार पसरली असेल, तर एकटे नाक पुरत नाही. हे सांगायला उत्साही मंडळी कधी कधी विसरतात.

खरा वाद पुढेच आहे. गाठ अगदी शेवटच्या कणापर्यंत काढायची की थोडी ठेवायची? बहुतेक कॉन्ड्रोसार्कोमा पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीचे, संथ असतात. धमनीला चिकटलेला तुकडा ओढताना रुग्णाचा आवाज, गिळणे किंवा जीव पणाला लागणार असेल, तर तो ठेवून किरणोपचार देणे शहाणपणाचे. उलट, पहिल्या श्रेणीची गाठ पूर्ण निघाली असेल, तर किरणोपचार न देता नुसते लक्ष ठेवावे, असे मानणारेही आहेत. पण ‘किरणोपचार आहेतच’ म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेत हात आखडता घेणे हा वेगळाच धोका. दुसऱ्या वेळी जखमेचे व्रण आड येतात आणि मज्जातंतू सोडवणे कठीण होते.

इथे प्रोटॉनचे महत्त्व येते. या गाठीला सुमारे ७० ग्रे इतकी मात्रा द्यावी लागते; शेजारचा मेंदूचा देठ तेवढी सोसत नाही. प्रोटॉन आपली बहुतांश ऊर्जा ठरलेल्या खोलीवर टाकून थांबतात, त्यामुळे पलीकडचा भाग वाचतो. चेन्नईत खासगी प्रोटॉन केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले. खारघरच्या टाटा स्मारकच्या अॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून ही सोय आहे. पूर्वी यासाठी परदेशाकडे पाहावे लागे. आता प्रश्न अंतराचा कमी आणि वेळेवर पाठवण्याचा जास्त. शस्त्रक्रियेआधीच किरणोपचार तज्ज्ञ चर्चेत असेल, तर देठाला टेकलेला भाग आधी मोकळा करायचे ठरवता येते. किरणांना तेवढीच फट हवी असते. इतरत्र उरलेला तुकडा त्यांना जड नाही.

नेहमीची केमोथेरपी या गाठीवर फारशी चालत नाही. अनेक कॉन्ड्रोसार्कोमांत आयडीएच जनुकातील बदल सापडतो आणि त्यावर नेम धरणाऱ्या आयव्होसिडेनिब या औषधाच्या चाचण्या झाल्या आहेत. पण आजच्या रुग्णाचा भरवसा चाकू आणि किरण यांवरच.

म्हणून मोठ्या केंद्राकडे निघताना स्कॅनच्या सीडीसोबत बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळेही घेऊन जावेत. तपासणी पुन्हा करायला तेच लागतात, आणि बऱ्याच वेळा तेच घरी किंवा आधीच्या लॅबमध्ये राहून जातात.