ताहितीचा दाब, आपला पाऊस

जून उजाडला की आपण आभाळाकडे पाहतो. हवामानशास्त्रज्ञ मात्र ताहिती आणि डार्विनकडेही पाहतात. प्रशांत महासागरातले एक बेट आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरचे एक शहर, इथल्या हवेच्या दाबातला फरक आपल्या पावसाबद्दल काही सांगतो. ही दृष्टी आपल्याला दिली गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी. १८९९ च्या भीषण दुष्काळाच्या आठवणी ताज्या असतानाच, १९०४ मध्ये ते भारतीय वेधशाळांचे प्रमुख झाले. संगणक नव्हते. माणसांकडून आकडेमोड करून घेत त्यांनी जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि हिंदी व प्रशांत महासागरांमधला दाबाचा हेलकावा त्यांना सापडला. प्रशांत महासागराचे पाणी तापवणाऱ्या आणि बहुधा आपला पाऊस घटवणाऱ्या एल निन्योशी त्याचा संबंध याकोब ब्यर्कनेस यांनी १९६० च्या दशकात उलगडला.

आज उपग्रह आहेत, महासंगणक आहेत. तरी भारतीय वेळेनुसार पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेधासाठी देशोदेशींच्या केंद्रांतून फुगे सोडले जातात; सीमा मिटवून चालणारे इतके सुंदर काम दुसरे क्वचितच असेल.

एवढे करूनही निसर्ग हातचे राखतो. १९९७ चा एल निन्यो अतिशय प्रबळ होता, पण भारतात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणून हंगामी अंदाज शक्यतेच्या भाषेत येतो. वेधशाळेची टिंगल करण्याची आपली सवय मला अन्यायाची वाटते. यंदाचा अंदाज वाचताना ठळक मथळ्यावर थांबू नका, त्याखालची शक्यतेची टक्केवारीही वाचा.