थायी भाषेचा अभ्यास कशासाठी?

थायलंडचे नाव निघाले की आमच्या विद्वज्जनांना प्रथम 'रामकियेन' आठवते, मग अयोध्येचे नाव घेतलेली अयुथ्या, आणि मग संस्कृत शब्दांची मोजदाद सुरू होते. या कौतुकाने अभ्यास तसूभरही पुढे सरकत नाही. थायी भाषा संस्कृत शब्दांचे लेखन जपते, उच्चार व अर्थ मात्र स्वतःचे ठेवते. तेथे 'महाविद्यालय' लिहितात, 'महाविथयालाय' म्हणतात आणि अर्थ घेतात विद्यापीठ! अर्थशास्त्राला तेथे 'श्रेष्ठ' व 'शास्त्र' यांपासून झालेला 'सेट्थसात' हा शब्द आहे. शिवाय पाच सूर; सूर चुकला की शब्दच बदलतो.

इतिहासाचेही तेच. थायलंड कधी वसाहत नव्हता, एवढे पाठ करून आमचा विद्यार्थी मोकळा होतो. परंतु १८५५ च्या बाउरिंग तहाने सयामची आयात जकात तीन टक्क्यांवर बांधली गेली, ब्रिटिश प्रजाजन सयामी न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेले. जकात ठरविण्याचा अधिकार परत मिळण्यास १९२० चे दशक उजाडावे लागले. राज्य स्वतंत्र, तिजोरी मात्र जखडलेली! दादाभाई वाचलेल्यांना हा विषय परका वाटू नये.

२ जुलै १९९७ रोजी बाथ गडगडला, तेव्हा त्याची मीमांसा प्रस्तुत लेखकाने इंग्रजी अहवालांच्या आधारेच वर्गात केली. थायी माणसाने त्याविषयी काय लिहिले, हे वाचण्याची सोयच नव्हती.

विद्यापीठांना हा अभ्यासक्रम काढायचा असेल, तर पहिली दोन वर्षे निव्वळ भाषेला द्यावीत. नोकऱ्या कोठे आहेत, हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. अर्धवट भाषा शिकलेल्यांना त्या मिळणारही नाहीत. 'रामकियेन' तिसऱ्या वर्षी वाचावे, आणि थायीतूनच.