नाव बदललं, तरी दार बंदच

१ जानेवारी २०२३ पासून सर्बियाला जायला भारतीयांना पुन्हा व्हिसा लागू लागला. त्याआधीची पाचेक वर्षं नुसता पासपोर्ट दाखवला की भागायचं. पुण्याहून युरोपच्या सहली नेणाऱ्या माझ्यासारख्या टूर मॅनेजरला तेव्हा बेलग्रेडचा मोठा आधार होता. शेंगेन व्हिसा वेळेत हातात न पडलेल्या काका-काकूंना ‘निदान डॅन्यूब तरी पाहिली’ एवढं समाधान देता यायचं. ही सोय गेली त्याचं मूळ ब्रसेल्समध्ये आहे. सर्बियाला युरोपीय संघात यायचंय, मग बाहेरच्यांना देशात घेण्याचे नियमही संघासारखेच करा, असा तगादा तिथून लागला होता. सर्बियानं ऐकलं.

गंमत पुढेच आहे. शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर सर्बियासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. मॉन्टेनेग्रो, बोस्निया, अल्बेनिया, उत्तर मॅसिडोनिया, इथेही थोड्याफार फरकानं तेच. युरोपचा शिक्का चालतो, युरोपचे नियमही पाळले जातात, फक्त ते पाळणाऱ्या देशाला युरोप आत घेत नाही.

युगोस्लाव्हिया फुटला, अल्बेनियातली कम्युनिस्ट राजवट गेली आणि या देशांचं स्थित्यंतर सुरू झालं. जून २००३ मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकीला युरोपीय नेत्यांनी जाहीर केलं, की पश्चिम बाल्कनचं भवितव्य युरोपीय संघातच आहे. १ जुलै २०१३ ला क्रोएशिया आत गेला. त्यानंतर एकही देश नाही. सर्बिया, बोस्निया, मॉन्टेनेग्रो, उत्तर मॅसिडोनिया, अल्बेनिया आणि कोसोव्हो असे सहा जण बाहेर आहेत. त्यातल्या कोसोव्होला तर संघातले पाच सदस्य स्वतंत्र देश म्हणून मान्यताच देत नाहीत.

मला यात सर्वांत जास्त राग येतो तो मॅसिडोनियाच्या बाबतीत. स्कोपियेला आमची बस मदर तेरेसांच्या स्मारकगृहापाशी थांबतेच. त्यांचा जन्म याच शहरातला, १९१० चा, तेव्हा इथे ऑटोमन सुलतानाचं राज्य होतं. तिथून चालत गेलं की चौकात घोड्यावरच्या योद्ध्याचा भलामोठा पुतळा दिसतो. त्याला अधिकृत नाव ‘घोड्यावरचा योद्धा’ एवढंच, पण सिकंदर ओळखायला कुणाला पाटी लागत नाही. ग्रीसला नेमकं हेच खुपत होतं. मॅसिडोनिया हा आमच्या उत्तरेकडच्या प्रांताचा वारसा, ते नाव घेऊन देश कसला चालवता, असा त्यांचा आक्षेप. या देशाला २००५ मध्ये उमेदवारी मिळाली आणि नावापायी ती तशीच पडून राहिली.

शेवटी जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी करार झाला. पंतप्रधान झोरान झाएव्ह यांनी देशाचं नाव ‘उत्तर मॅसिडोनिया’ करायचं कबूल केलं. लोक काही आनंदानं तयार नव्हते. सप्टेंबरच्या सार्वमतात मतदान ३७ टक्क्यांच्या आसपासच झालं. तरी संसदेत दोन-तृतीयांश मतं जमवून घटना बदलली. विमानतळाचं सिकंदराचं नाव तर आधीच उतरवलं होतं. सरकारी पाट्या बदलल्या, गाड्यांवर ‘एमके’च्या जागी ‘एनएमके’ आलं. देशाचं नाव बदलण्याहून मोठी किंमत कुठलं सरकार शांततेच्या काळात देईल?

एवढं करून ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्सनं वाटाघाटी सुरू करायला नकार दिला. पुढच्या मार्चमध्ये फ्रान्स नरमला, तर नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियानं हात वर केला: तुमची भाषा ही मुळात आमची बोली, तुमचा इतिहासही आमचाच, आधी ते निस्तरा. जुलै २०२२ मध्ये तोडगा निघाला, पण नव्या अटीसह. घटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख घालायचा. २०२१ च्या जनगणनेत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे साडेतीन हजारांच्या घरात होते. उल्लेख केल्यानं आकाश कोसळणार नाही, हे मलाही कळतं. पण एकदा नाव बदलून फसलेल्या माणसाला पुन्हा सही करायला सांगितली, तर तो विचारणारच, की यानंतर तरी नवं काही निघणार नाही ना? २०२४ मध्ये लोकांनी राष्ट्रवादी पक्षाला भरघोस मतं दिली. त्याच वर्षी, तोवर याच देशाला जोडलेली अल्बेनियाची गाडी वेगळी काढून पुढे नेण्यात आली.

तुम्ही म्हणाल, हे देश तरी कुठे साधेसरळ आहेत? नाहीतच. भ्रष्टाचार आहे, सरकारच्या मुठीतली वर्तमानपत्रं आहेत. नोव्ही सादच्या रेल्वे स्थानकाचं छत नोव्हेंबर २०२४ मध्ये कोसळून माणसं मेली, त्यावरून सर्बियातले विद्यार्थी महिनोन्‌महिने रस्त्यावर होते. त्या मोर्च्यांत युरोपीय संघाचे झेंडे क्वचितच दिसले. जी मुलं कायद्याचं राज्य मागतायत, त्यांनाच आता युरोपचं नाव घ्यावंसं वाटत नसेल, तर ब्रसेल्सनं काळजी करायला हवी.

प्रादेशिक सहकार्याचा जप मात्र जोरात चालतो. आधी आपसात जुळवून घ्या, मग बघू. त्यातलं काही खरंच कामाचं आहे. १ जुलै २०२१ पासून या सहा देशांत आपसातलं मोबाइल रोमिंग शुल्क गेलं. आमचा ड्रायव्हर स्कोपियेचा. पूर्वी सीमा ओलांडली की तो फोनचा डेटा बंद करायचा, आता बेलग्रेडमधून घरी खुशाल व्हिडिओ कॉल लावतो. ‘ओपन बाल्कन’ नावाखाली सर्बिया, अल्बेनिया आणि उत्तर मॅसिडोनिया एकत्र आले. त्यातून बेलग्रेडला वाइनचं जंगी प्रदर्शन भरू लागलं, हेही नसे थोडके. पण उरलेले तिघे त्यात आलेच नाहीत. सर्बियाच वरचढ होईल ही कोसोव्होची भीती तर उघडच होती.

सहकार्य फळतं कधी, याचा दाखला फार लांब नाही. पोलंड, हंगेरी आणि तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया यांनी १९९१ मध्ये विशेग्राड गट बांधला, पुढच्या वर्षी आपसातल्या व्यापाराचा करार केला. सदस्यत्वाऐवजी हेच गळ्यात मारतील, अशी धास्ती त्यांनाही होती. पण दार खरंच उघडणार हे दिसत होतं, म्हणून त्यांनी ते नेटानं चालवलं आणि २००४ मध्ये सगळे एकदम आत गेले. बाल्कनमध्ये तोच व्यापार करार आहे, तीच भाषणं आहेत, फक्त दाराची खात्री नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये सर्बिया आणि उत्तर मॅसिडोनियाच्या सीमेवर, प्रेशेवोला, एकदा या. गणपतीला निघालेल्या चाकरमान्यांची पनवेलपाशी होते तशी गर्दी. नंबरप्लेट जर्मन, ऑस्ट्रियन, स्विस. आत बसलेली माणसं इथलीच, सुट्टीला गावी निघालेली. देश युरोपात जाईना म्हणून माणसं गेली. उत्तर मॅसिडोनियात २००२ च्या जनगणनेत वीस लाखांवर लोक होते, २०२१ मध्ये १८ लाख ३६ हजार.

माझं म्हणणं एवढंच आहे, की एकमताची अट शेवटच्या पायरीपुरती ठेवा. प्रवेशाच्या करारावर प्रत्येक सदस्य देशाची मान्यता लागावीच. पण वाटाघाटींच्या मधल्या तीसएक प्रकरणांपैकी प्रत्येक प्रकरण उघडताना आणि मिटवताना २७ जणांपैकी कुणीही एकानं उठून घरचं भांडण पुढे करायचं, ही पद्धत मोडायला हवी. त्या टप्प्यांवर बहुमत पुरे. शेजाऱ्यांची इतिहासाची भांडणं इतिहासकारांच्या समितीत ठेवा. ग्रीस आणि बल्गेरिया, दोघांबरोबर तशा समित्या आहेतच. २०२५ मध्ये हंगेरीनं युक्रेनच्या वाटाघाटी याच पद्धतीच्या जोरावर रोखून धरल्या, तेव्हा प्रश्न आता एकट्या बाल्कनचा राहिलेला नाही.

आणि एक लहान गोष्ट लगेच करता येईल. आमच्या ड्रायव्हरला शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. पर्यटकाला ते ठीक आहे, पण याचं पोटच स्टीअरिंगवर. ऑक्टोबर २०२५ पासून हे दिवस शिक्क्यांऐवजी यंत्रं मोजू लागली, तेव्हा सीझनच्या मध्यावर दिवस संपले की तो घरी बसणार आणि मी व्हिएन्नात दुसरा ड्रायव्हर शोधणार. बाल्कनच्या बस आणि ट्रक चालकांना या मोजणीबाहेरचा वेगळा परवाना द्यायचा, तर त्यासाठी त्यांच्या देशाला सदस्य करून घेण्याची गरज नाही आणि कुणाच्या घटनेत शब्दही घालावा लागत नाही.