मनोवेगाने जाऊन करायचे काय?

‘जम्पर’ नावाच्या हॉलिवूडच्या चित्रपटावर माझा राग आहे, आणि तो राग ऐन दिवाळीत चकली-चिवड्याच्या शेजारी वाढून ठेवतो आहे, याबद्दल वाचकांनी रागावू नये. चित्रपट काही आजचा नव्हे, २००८ सालचा. पण आमच्या घरातली मुले सुटीत तो अजून पाहतात आणि “आपल्याला असे जाता आले तर!” म्हणून उसासे टाकतात. त्या उसाशांसाठी हा खटाटोप.

डेव्हिड राइस हा मिशिगनमधला शाळकरी पोरगा गोठलेल्या नदीत पडतो आणि मरता मरता गावच्या ग्रंथालयात जाऊन आदळतो. मनात आणावे आणि तिथे असावे, अशी सिद्धी त्याला लाभली आहे. नारदमुनींना निदान वीणा सांभाळत आकाशमार्ग कापावा लागे; याला तीही दगदग नाही. बरे, सिद्धी मिळाल्यावर हे चिरंजीव करतात काय? बँकेची तिजोरी साफ करतात. इजिप्तला जाऊन स्फिंक्सच्या डोक्यावर खुर्ची टाकून बसतात. आणि घरी असले म्हणजे सोफ्याच्या या टोकावरून त्या टोकाला रिमोट घेण्यासाठीसुद्धा अंतर्धान पावतात! हात लांब करण्याचेही कष्ट नकोत.

हे सगळे मी हसून सोडून दिले असते. पण याच सुखवस्तू दिनक्रमात एक प्रसंग आहे. दूरदर्शन संचावर पुराच्या बातम्या चालू आहेत. माणसे पाण्यात अडकली आहेत, त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही, आता चमत्कारच व्हायला हवा, अशा अर्थाचे निवेदन चालले आहे. ज्याच्या हाती नेमका तोच चमत्कार आहे, तो एकटाच हे ऐकतो आहे. आणि तो जातो कुठे? लंडनला, मौज करायला! दिग्दर्शक डग लायमन यांनी ही बातमी काही चुकून दाखवलेली नाही. नायकाचा उथळपणा दिसावा म्हणूनच ती दाखवली असणार. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. पेरलेले हे बी नंतर उगवतच नाही. रोमच्या कोलोसियममध्ये हाणामारी होते, जगभर पाठलाग होतो, पण पुरातली ती माणसे पुन्हा कोणाला आठवत नाहीत. नायकाला नाही आणि पटकथेलाही नाही.

“अहो, करमणूक आहे, तुम्ही कीर्तनाला का बसता?” असे कोणी म्हणेल. ठीक आहे. पण मग रोलंडला चित्रपटात कशाला आणलात? सॅम्युएल जॅक्सन यांनी उभा केलेला हा पांढऱ्या केसांचा मारेकरी म्हणतो की, सर्वत्र असण्याचा अधिकार फक्त ईश्वराचा. माणूस धर्मवेडा आहे, खुनी आहे, मान्य. तरी त्याने प्रश्न विचारला आहे आणि त्या प्रश्नाला नायकाकडे उत्तर नाही. एका बुडत्या माणसाला काठावर आणून ठेवले असते, तरी रोलंडचे तोंड बंद झाले असते.

अशा सिद्धींच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. सोमदेवाच्या कथासरित्सागरातला पुत्रक आठवा. मयासुराच्या भांडणाऱ्या पोरांना फसवून तो आकाशगामी पादुका लांबवतो, म्हणजे चोरच. त्या पादुकांवरून रात्री राजकन्या पाटलीच्या महालात उतरतो, म्हणजे सोवळा मुळीच नव्हे. पण पुढे काय होते? पादुकांबरोबर हाती आलेल्या काठीने तो गंगेच्या काठी नगर रेखाटतो आणि ते पाटलिपुत्र म्हणून उभे राहते. अकराव्या शतकातल्या काश्मिरी कथाकाराला ठाऊक होते की, उडणारा माणूस कुठेतरी उतरला पाहिजे, आणि उतरला तिथे चार माणसांची वस्ती झाली पाहिजे. आमच्या डेव्हिडने उभारलेले काय? न्यूयॉर्कमधले स्वतःचे चैनीचे घर!

आणि ही दरिद्री दृष्टी मूळ कादंबरीची नव्हे, हे विशेष. स्टीव्हन गूल्ड यांच्या १९९२ च्या कादंबरीतला डेव्हीही बँक लुटतो. पण त्याची आई दहशतवाद्यांच्या हातून मरते, तो अपहरण झालेल्या माणसांना सोडवायला धावतो, आणि सूड व सुटका यांच्यातली रेघ कुठे, या प्रश्नाने तळमळतो. रोलंड आणि त्याची टोळी त्या पुस्तकात नाही. ती चित्रपटाने घातलेली भर. म्हणजे तळमळ काढली आणि तिच्या जागी पाठलाग बसवला. या अदलाबदलीवर जगभर २२ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमला.

गंमत पुढेच आहे. गूल्ड यांच्याच पुढच्या एका कादंबरीवर २०१८ साली ‘इम्पल्स’ ही मालिका आली. तिच्यातल्या मुलीला ही शक्ती एका भयंकर प्रसंगातून मिळते, आणि त्या प्रसंगाचा घाव ती शक्ती भरून काढत नाही; मालिका ते दुःख सावकाश, धीराने पाहते. पहिला भाग कोणी दिग्दर्शित केला? याच डग लायमन यांनी. तेव्हा त्यांना जमत नव्हते, ही सबबही मला मान्य नाही.