ट्रेलर आपल्या मालाचा, जबाबदारीही आपली

भिवंडीत ट्रक-ट्रेलरचा अपघात झाला की सगळे ड्रायव्हरला दोष देतात. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढून आम्हीही तेच करीत आलो. पण गेल्या पावसाळ्यात आमच्याच सुताची पोती घेऊन आलेला ट्रेलर गोदामाच्या गल्लीत वळला आणि सायकलवरचा एक मुलगा चाकाखाली येता येता वाचला. सायकलचा चुराडा झाला. ड्रायव्हरवर ओरडण्याआधी आम्ही स्वतःला विचारले, चाळीस फुटी कंटेनर भरदिवसा या गल्लीत बोलावला कोणी? आम्हीच.

लांब गाडीचा हिशोब वेगळा असतो. वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतली बाजू कापत जातात. म्हणून डावीकडे वळण्यापूर्वी ड्रायव्हर गाडी जरा उजवीकडे घेतो. डाव्या बाजूला मोकळी जागा दिसते आणि मोटारसायकलवाला नेमका तेथेच शिरतो. ड्रायव्हर उजव्या बाजूला, उंचावर बसलेला. डाव्या दाराशी किंवा बंपरला खेटून असलेला माणूस त्याला दिसत नाही. ती बाजू पाहायला क्लीनर असतो. आपण भाड्यात घासाघीस करतो, तेव्हा पहिली काटछाट त्या क्लीनरची होते.

जादा मालाचेही तसेच. वजन प्रमाणाबाहेर गेले की ब्रेक दाबूनही गाडी लवकर थांबत नाही. 2019 साली मोटार वाहन कायदा बदलला. तेव्हापासून जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये आहेत. एका फेरीचे भाडे वाचवून हा धोका घेणे कोणता व्यापार?

व्यापारी बांधवांनो, उपाय आपल्या हातात आहेत. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गाडी बोलावू नका. गल्ली अरुंद असेल तर माल बाहेरच उतरवून टेम्पोने आणा. गाडी मागे घेताना आपला एक माणूस खाली उभा करा, तो ड्रायव्हरला आरशात दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे. रात्रभर गाडी चालवून आलेल्या ड्रायव्हरला आधी चहा आणि विश्रांती द्या, घाई करू नका.

टेम्पोचा खर्च होईल, हे आम्ही जाणतो. आम्ही तो आता मालाच्या किमतीत धरतो. माल एक दिवस उशिरा आला तर गिऱ्हाईक रागावेल, पण त्याची समजूत घालता येते. त्या मुलाच्या आईला मात्र आम्ही काय सांगितले असते?